आदिवासींच्या केसेस घ्यायच्या आहेत? नागपुरातल्या नव्या वकिलांसाठी

महाराष्ट्रात आदिवासींची गेलेली जमीन परत मिळवून देणारा एक कायदा आहे, १९७४ चा, आणि त्यात ९-अ नावाचं एक कलम आहे जे म्हणतं की या प्रकरणात वकिलाने उभं राहायचं नाही. म्हणजे तुमची-माझी एंट्रीच बंद. यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं, लिंगप्पा पोचन्ना विरुद्ध महाराष्ट्र, डिसेंबर १९८४ चा निकाल, आणि कोर्टाने कायदाही टिकवला आणि ते कलमही, कारण समोरचा पैसेवाला तगडा वकील आणणार आणि आदिवासी माणूस कोपऱ्यात हात जोडून बसणार, हे सगळ्यांना दिसतच होतं. २०११ मध्ये ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३०, वकिलाला सगळ्या कोर्टांत आणि न्यायाधिकरणांत उभं राहायचा हक्क देणारं, लागू झालं तेव्हापासून यावर पुन्हा वाद घालायला जागा आहे, तो घाला कोणाला घालायचा तर. मी मात्र नवा ज्युनियर सिव्हिल लाइन्सला आमच्याकडे आला की पहिल्या दिवशी हाच निकाल वाचायला देते. आपल्या धंद्याबद्दल कायदा काय विचार करतो ते एकदा वाचलेलं बरं असतं, आणि हेही कळतं की या कामातलं निम्म्याच्या वर काम गाऊन घालून होतच नाही, ते शाळेच्या जुन्या रजिस्टरात, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आणि गावात सतरंजीवर मांडी घालून होतं.

दर वर्षी दोन-तीन पोट्टे-पोट्ट्या येऊन विचारतात की मॅडम सुरुवात कुठून करू, म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

आधी नकाशा घ्या, कायदा नंतर

पक्षकार आला की पहिला प्रश्न गाव कोणतं, तालुका कोणता. कारण राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं क्षेत्र आणि त्याबाहेरचं क्षेत्र यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. महाराष्ट्रात पेसा, म्हणजे या क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, १३ जिल्ह्यांत लागू आहे, त्यात आपल्या बाजूचे गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती येतात, तेही पूर्ण जिल्हे नाही, काही तालुके, काही गावं. नागपूर जिल्हा त्यात नाही. गोंदियाही नाही. त्यामुळे रामटेककडचा, देवलापारचा गोंड पक्षकार आला आणि तुम्ही पिटिशनमध्ये पेसाचे २०१४ चे नियम ठोकले तर समोरचा सरकारी वकील गालातल्या गालात हसेल. पण वनहक्क कायदा, २००६ चा, तो मात्र दोन्हीकडे लागू आहे, देवलापारलाही आणि भामरागडलाही. पेसा नाही म्हणजे काहीच नाही असं सांगून पक्षकाराला परत पाठवणारे सिनियर मी पाहिलेत.

दुसरा प्रश्न जमात कोणती. गोंड, माडिया, कोलाम, हलबी, परधान, कोरकू, हे सगळे एकाच खोक्यात टाकू नका. कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी या तीन महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित जमाती आहेत, त्यांच्यासाठी वनहक्क कायद्यात कलम ३(१)(ई) खाली अधिवासाचा, म्हणजे त्यांच्या पूर्ण इलाक्याचा वेगळा हक्क आहे.

व्हॅलिडिटी, म्हणजे तुमची रोजची भाकरी

खरं सांगते, नागपुरात आदिवासींच्या नावाने जे काम येतं त्यातलं लई मोठं काम जात पडताळणीचं आहे, त्यालाच आम्ही व्हॅलिडिटी म्हणतो. मेडिकलची ॲडमिशन, सरकारी नोकरी, सरपंचाची सीट, सगळं अडतं ते अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीपाशी. कायदा २००१ चा २३ वा, आणि जमातींसाठी नियम २००३ चे. पुराव्याचं ओझं पूर्ण अर्जदारावर, कलम ८. समितीचा आदेश अंतिम, त्यावर जायचं तर फक्त हायकोर्टात, रिटमध्ये. म्हणून जे काय रेकॉर्डवर आणायचं ते समितीसमोरच आणा, हायकोर्टात गेल्यावर पिशवीतून नवीन कागद काढता येत नाही, काढला तरी प्रकरण परत समितीकडेच जातं आणि तोवर पोरीची ॲडमिशनची तारीख निघून गेलेली असते.

आता पायरी-पायरीने. वंशावळ काढा, पण घरात बसून नाही, आजी-आजोबा जिवंत असतील तर त्यांना विचारून, आत्यांची नावं पण घ्या, कारण नंतर समिती विचारते आणि मुलगा ततपप करतो. मग कागद. सगळ्यात वजनदार कागद कोणता तर स्वातंत्र्याआधीचा, निदान ६ सप्टेंबर १९५० आधीचा, कारण त्या दिवशी राष्ट्रपतींचा जमातींच्या यादीचा आदेश निघाला आणि त्याआधी कोणाला खोटं लिहून फायदा नव्हता. आजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, बंदोबस्ताचे म्हणजे जमीनमोजणी-साऱ्याचे कागद, १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी म्हणजे जमीनहक्काची नोंदवही, ही आपल्या सीपी-बेरारच्या भागाची खास दौलत आहे, पुण्या-मुंबईच्या वकिलांना यातली निम्मी नावंसुद्धा माहीत नसतात. शाळेतून नुसता दाखला घेऊ नका, रजिस्टरच्या पूर्ण पानाची सही-शिक्क्याची कॉपी घ्या, वरच्या-खालच्या दोन-चार नोंदींसकट. समितीसाठी चौकशी करणारं दक्षता पथक हेच बघतं की शाई एक आहे का, अक्षर एक आहे का, मधेच ‘गोंड’ हा शब्द कोणी मागाहून कोंबलाय का. ते त्यांच्याआधी तुम्ही बघा. आणि खाडाखोड दिसली तर पक्षकाराला तोंडावर विचारा, कारण २०१७ च्या बहिरा निकालानंतर खोट्या दाखल्यावरची नोकरी वाचत नाही, वीस वर्षं झाली असली तरी.

मग येते ती आत्मीयता चाचणी, म्हणजे लग्नात काय करता, देव कोणते, मयताला जाळता की पुरता, बोली येते का. शहरात तीन पिढ्या राहिलेल्या इमामवाड्यातल्या पोराला समिती विचारते सांग तुझे सगा देव, म्हणजे कुळाचे देव, किती, आणि त्याला व्हॉट्सॲपवर शोधून पाठ केलेलं उत्तर येतं, तेही चुकीचं. यावर आता पक्कं उत्तर आहे. २४ मार्च २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सांगितलं की आत्मीयता चाचणी म्हणजे शेवटचा शब्द नाही, आणि प्रत्येक प्रकरणात ती लागतेच असंही नाही, कागद समाधानकारक असतील तर दक्षता पथकाकडे न पाठवताही दाखला देता येतो. बापाकडून रक्ताच्या नातेवाइकाला आधीच व्हॅलिडिटी मिळाली असेल तर तिच्या आधारावर दाखला मागता येतो, अपूर्वा निचळे, २०१०, हायकोर्टाचा निकाल. पण तीही डोळे मिटून नाही, आधीची व्हॅलिडिटी नीट चौकशी होऊन मिळाली होती का हे समिती बघू शकते, म्हणून काकाची नुसती झेरॉक्स जोडून निवांत बसू नका, काकाची पूर्ण फाईल आरटीआयमध्ये मागवा.

दक्षता अहवाल विरोधात गेला की कारणे दाखवा नोटीस येते. नवे वकील याचं उत्तर दोन ओळीत देतात, ‘अहवाल अमान्य आहे’. नका करू असं. अहवालातल्या एकेका वाक्याला उत्तर द्या, हायकोर्ट पुढे हेच उत्तर वाचतं.

आणि एक जड विषय, पण नागपुरात राहून तो टाळता येत नाही. हलबा-कोष्टी आणि गोवारी. महालात, गोळीबार चौकात, पाचपावलीत राहणाऱ्या कोष्टी समाजाची, आपण हलबा जमातीतलेच म्हणून, दोन पिढ्यांची भांडणं यात गेलीत. मिलिंद प्रकरणात, २८ नोव्हेंबर २००० ला, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की राष्ट्रपतींच्या यादीत शब्द जसा आहे तसाच वाचायचा, कोर्टाने त्यात पुरावा घेऊन पोटजात घालायची नाही. गोवारींचं तर सगळ्यांना माहीत आहे, २३ नोव्हेंबर १९९४, अधिवेशनावरचा मोर्चा, चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे आणि आपण रोज त्यावरून गाडी नेतो. ऑगस्ट २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने गोवारी हे अनुसूचित जमातीतलेच असा त्यांच्या बाजूने निकाल दिला, पेढे वाटले गेले, आणि १८ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. असा पक्षकार आला तर त्याला खोटी आशा विकू नका. यादी बदलणं संसदेच्या हातात आहे, तुमच्या-माझ्या रिटच्या नाही, हे पहिल्या भेटीतच सांगा, फी घ्यायच्या आधी.

वनहक्क: दावा फेटाळला म्हणजे नेमकं काय झालं

माझी स्वतःची फजिती सांगते. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एका गावचे सात-आठ जण आले, म्हणे जबरनजोतचे, म्हणजे वनजमीन वाहून कसलेल्या शेतीचे, दावे फेटाळले, आता वनखात्याचे गार्ड जेसीबी आणून राहिलेत. मी रात्रभर बसून रिट लिहिली, कलम २१ पासून सगळं टाकलं, भाषा तर अशी की वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यावं. बेंचने एकच विचारलं, फेटाळल्याचा आदेश कुठे आहे? आदेश नव्हताच. तलाठ्याने तोंडी सांगितलं होतं ‘रद्द झालं’ आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. पिटिशन मागे घेतली, आठ महिने गेले.

तर आता शिकून घ्या. दाव्याचा प्रवास असा: गावाची वनहक्क समिती तपासणी करते, ग्रामसभा ठराव घेते, मग एसडीओच्या अध्यक्षतेखालची उपविभागस्तरीय समिती, मग कलेक्टरची जिल्हास्तरीय समिती. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध ६० दिवसांत उपविभागाकडे, त्यांच्याविरुद्ध ६० दिवसांत जिल्ह्याकडे. मूळ कायद्यात जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम, पण २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रासाठी विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील ठेवलं. गडचिरोलीचं अपील नागपूरला येतं, मेळघाटचं अमरावतीला. गोंदियाला हा रस्ता नाही, तिथून सरळ हायकोर्ट. हा फरक चुकला की ‘पर्यायी मार्ग असताना आलात’ म्हणून परत.

फाईल हातात आली की हे तपासा. ठराव ग्रामसभेचा आहे की ग्रामपंचायतीचा? हसू नका, खूपदा पंचायतीच्या मासिक सभेचा ठराव लावलेला असतो आणि लेटरहेडवर सरपंचाची सही. ग्रामसभेला निम्मी उपस्थिती लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया, म्हणून सह्या-अंगठे बोटाने मोजा. वनहक्क समितीत १० ते १५ जण, आदिवासी असतील तिथे दोन तृतीयांश ते, एक तृतीयांश बाया. दाव्यासोबत नियम १३ मधले किमान दोन पुरावे आहेत का? इथे एक मोठा गैरसमज तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना आहे की सातबारा नाहीतर सॅटेलाइट फोटो पाहिजेच. २०१२ च्या सुधारित नियमांनी स्पष्ट केलंय की कोणताही एक विशिष्ट पुरावा मागून दावा अडवता येत नाही, सॅटेलाइट फक्त पूरक आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्याचा लेखी जबाब चालतो, बांध, विहीर, मसणवटी, देवस्थान चालतं. आणि सगळ्यात गमतीचा पुरावा म्हणजे वनखात्याचाच, जुन्या दंडाच्या पावत्या, पीओआर म्हणजे वनगुन्ह्याचा पहिला अहवाल. १९९० मध्ये ज्या गार्डने ‘अतिक्रमण’ म्हणून केस केली त्याने नकळत तुमच्या पक्षकाराचा ताबा लिहून ठेवलाय. ती पावती बहुतेक घरात असते, देवाच्या फोटोमागे नाहीतर पत्र्याच्या पेटीत, विचारल्याशिवाय कोणी काढून देत नाही कारण त्यांना वाटतं हा गुन्ह्याचा कागद आहे, लपवायचा असतो.

ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा हवा, जास्तीत जास्त ४ हेक्टर. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवाशाला तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं. नवे लोक इथे गडबड करतात आणि आदिवासी दावेदाराकडूनसुद्धा ७५ वर्षांचा पुरावा मागतात.

गार्ड काढायला आले तर कलम ४(५), मान्यता आणि पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत ताब्यातून काढता येत नाही. फेब्रुवारी २०१९ आठवा. १३ तारखेला वाइल्डलाइफ फर्स्ट या संस्थेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना काढायचा आदेश दिला, पंधरा दिवसांत, २८ तारखेला, त्याला स्टे दिला, आणि राज्यांना विचारलं की दावे फेटाळताना प्रक्रिया पाळली का. तो प्रश्न तुमच्या प्रत्येक फाईलला विचारा. आदेश लेखी आहे का, कारण दिलंय का, पक्षकाराला कळवलं का.

आपल्याकडचं अजून एक लचांड म्हणजे झुडपी जंगल. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसुली रेकॉर्डला हजारो हेक्टरवर हा शब्द आहे, अर्धं नागपूरच त्यावर उभं आहे असं आम्ही गमतीने म्हणतो. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १२ डिसेंबर १९९६ च्या, ‘वन’ शब्दाचा अर्थ मोठा करणाऱ्या गोदावर्मन आदेशाप्रमाणे झुडपी जंगल हे वनच. शहरातल्या लोकांना यात संकट दिसलं, पण आपल्या पक्षकारासाठी याला दुसरी बाजू आहे. जमीन वन असेल तर त्यावर वनहक्काचा दावा बसतो. आजवर ‘ही महसुलाची जमीन, इथे वनहक्क लागत नाही’ म्हणून परत पाठवलेल्या फायली काढून पुन्हा वाचा.

सामूहिक हक्काकडे नवे वकील फिरकत नाहीत कारण त्यात फी नाही. पण ताकद तिथेच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये १८०० हेक्टरच्या वर जंगलाचा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हातात आले, त्याआधी वनखातं म्हणे बांबू हे लाकूड आहे. आज तिकडच्या ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. त्यांना वकील लागतो तो कंत्राटदाराच्या करारनाम्यासाठी, पैसे अडकले तर काय, वाहतूक परवाना कोणाच्या सहीने, जीएसटीचं काय, टीडीएस कापला तो परत कसा मिळवायचा. कोर्टात यातलं काही चमकदार नाही दिसत, तरी शिका.

जमीन

सातबारावर इतर हक्कात काय लिहिलंय ते आधी वाचा, मग फेरफार मागे-मागे न्या. ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल तर महसूल संहितेचं कलम ३६-अ, कलेक्टरची परवानगी कुठे आहे विचारा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मधली असेल तर तो सुरुवातीला सांगितलेला परतीचा कायदा, अपील महसूल न्यायाधिकरणात. तिथे तुम्हाला उभं राहता येत नसेल तर पक्षकाराला तयार करा, दोन पानांची टिपणी करून द्या, घरी त्याला प्रश्न विचारून सराव घ्या. एका म्हाताऱ्या कोलाम दादांनी माझ्या टिपणीतलं एकही वाक्य न वापरता फक्त शेताच्या चारी धुऱ्यांवरची झाडं सांगितली, कोणतं कोणी लावलं ते, आणि प्रकरण तिथेच फिरलं.

घरातली भांडणं

हिंदू वारसा कायदा आणि हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागत नाहीत, दोन्हीकडे कलम २(२). तरी दर महिन्याला कोणी तरी गोंड जोडप्याची कलम १३ ची घटस्फोट याचिका घेऊन येतोच. रूढी सांगावी लागते आणि सिद्ध करावी लागते, नुसतं ‘आमच्यात असं असतं’ चालत नाही, जातपंचायतीचे लोक, जुनी उदाहरणं, तारखा लागतात. बायकांच्या वाट्याबद्दल १७ जुलै २०२५ चा रामचरण विरुद्ध सुखराम नक्की वाचा, छत्तीसगडच्या गोंड कुटुंबातलं प्रकरण आहे. बाईला हिस्सा मिळत नाही अशी रूढी कोणी सिद्ध केली नाही, आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की मग समानता हाच नियम. आपल्याकडे आतापर्यंत उलटं गृहीत धरत होते, बाईनेच सिद्ध करावं की तिला मिळतं म्हणून.

फौजदारी, थोडक्यात

ॲट्रॉसिटीत तुम्ही फिर्यादीकडून असाल तर कलम १५-अ पाठ करा, जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला मिळालीच पाहिजे आणि त्याला ऐकलंच पाहिजे. जमीन बळकावणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे, दिवाणी वाद म्हणून ठाण्यातून परत पाठवतात तेव्हा हे दाखवा. आरोपीकडून असाल, जेलमधल्या आदिवासी पोरासाठी, तर जामीन मिळाल्यावर खरी अडचण सुरू होते. सॉल्व्हंट जामीनदार कुठून आणणार, वनहक्काचा पट्टा तर विकता येत नाही. जामीन होऊन ७ दिवसांत सुटका झाली नाही तर जेलने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय. कळवलंय का ते स्वतः जाऊन विचारा.

फी, भाषा आणि पाऊस

अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा कायद्याचं कलम १२. हायकोर्टात उपसमिती आहे, जिल्ह्यात प्राधिकरण, फोन १५१००. पॅनलवर नाव टाका, पैसे कमी आणि उशिरा येतात पण शिकायला मिळतं. घर चालवायला सोबत व्हॅलिडिटीची कामं ठेवा, त्यात लाज नाही.

ॲफिडेव्हिट इंग्रजीत, पक्षकार माडिया बोलणारा, आणि खाली छापलेलं की ‘मला मराठीत समजावून सांगितलं’. असं करू नका. दुभाषी शोधा, शक्यतो त्याच गावचा शिकलेला पोरगा किंवा आशाताई, आणि कोणी कोणत्या भाषेत समजावलं ते नावासकट लिहा. उलटतपासणीत याच एका ओळीवर पूर्ण केस उताणी पडलेली पाहिलीय. गावात गेलं की जय सेवा, जोहार म्हणा, आधी पाटील नाहीतर भूमियाला भेटा, आणि पहिल्या भेटीत वकालतनामा काढू नका.

नागपूरहून गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, भामरागड त्याच्या पुढे जवळपास तेवढंच. गणेशपेठ स्टँडवरून पहाटेची गाडी धरा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, आणि तुमचे अपिलाचे ६० दिवस मात्र चालूच. म्हणून जून लागायच्या आत प्रत्येक चालू फाईलच्या सर्टिफाइड कॉप्या आणि कोऱ्या अर्जांवरचे अंगठे साक्षीदारांसमोर, नाही, कोऱ्यावर कधीच नाही, हे लिहितानाच हात चावला, अर्ज आधी लिहा, वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या. उशीर झालाच तर पुराच्या बातमीचं कात्रण आणि तहसीलदाराचा दाखला विलंब माफीच्या अर्जाला जोडा. माझ्याकडे दर सालची अशी कात्रणं एका फाईलमध्ये आहेत, लागली तर येऊन घेऊन जा, झेरॉक्सचे पैसे तेवढे तुमचे.